मुदखेडची पंगत

मारोती गजभारेनं क्रूझरच्या मागच्या दाराला सुतळीचे तीन वेढे दिले, चौथा दिला, आणि गाठ मारून दार दोनदा ओढून पाहिलं. आत तेरा खेळाडू, तीन पिशव्या आणि दोन चेंडू कोंबलेले होते. दार वाटेत उघडलं असतं तर सगळ्यात आधी गोलकीपर व्यंकटी रस्त्यावर पडला असता, आणि जंक्शन क्लबकडे दुसरा गोलकीपर नव्हता.

“काका, मलाबी बांधा की सुतळीनं,” व्यंकटी आतून म्हणाला. “दारापेक्षा माझीच गॅरंटी कमी हाय.”

“गोलात उभा राहशील तवा दाखव ही हुशारी.”

मुदखेड स्टेशनाबाहेर नुकतं फटफटलं होतं. किनवटकडून येणारी गाडी येऊन गेली होती, म्हणजे संघ पुरा झाला होता. हा संघ असा रुळांवरच गोळा व्हायचा. इस्लापूरला सत्यम चढायचा, हिमायतनगरला दोघं, भोकरला रामलिंग. उरलेले मुदखेडच्या फलाटावर उभे राहून डब्यांच्या खिडक्यांत आपली माणसं शोधायचे. एखाद्याची गाडी चुकली की त्या दिवशी डावपेच बदलायचे. आज सगळे आले होते. आज कुणी न येऊन चालणारच नव्हतं.

आजची मॅच लातूरला, गूळ मार्केट संघाशी होती आणि हंगामातली शेवटची होती. अ गटात नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतले आठ संघ, त्यांत लातूर शहरातला गूळ मार्केट एकटाच. जो आठवा येईल तो ब गटात उतरणार, म्हणजे पुढच्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या छोट्या संघांशी खेळणार. बाकी सहा संघ केव्हाच सुरक्षित झाले होते. तळाला दोघंच उरले होते: सात गुणांवर गूळ मार्केट आणि सहा गुणांवर जंक्शन. जंक्शन जिंकलं तर गूळ मार्केट उतरणार. हरलं, किंवा नुसती बरोबरी झाली, तरी जंक्शन उतरणार.

मारोती ड्रायव्हरशेजारी बसला आणि गाडी नांदेडच्या दिशेनं निघाली. तो रेल्वेत कीमॅन होता. रोज सहा किलोमीटर रूळ चालायचा. कुठं रूळ घट्ट धरणारी चावी ढिली दिसली की हातोड्यानं ठोकायची आणि पुढं चालायचं. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यातली एकतीस वर्षं त्यानं अशी खाली बघत काढली होती. वर बघायला म्हणून फुटबॉल होता. क्लबचा तो अध्यक्ष नव्हता, सचिवही नव्हता. ती पदं मोठ्या माणसांकडे होती, आणि ती माणसं ट्रॉफी मिळाली की फोटोपुरती यायची. ट्रॉफी न मिळाल्यामुळे बरीच वर्षं ती दिसली नव्हती. बाकी सगळं मारोती करायचा.

क्लबची परिस्थिती बेताची, असं म्हणायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर क्लबला परिस्थितीच नव्हती. जर्सी एका बियाण्याच्या दुकानदारानं दिल्या होत्या, पाठीवर कापसाच्या वाणाचं नाव होतं. खेळायचे बूट अकराच जोड होते. त्यामुळे बदली खेळाडू उतरवताना मारोती आधी पाय बघायचा आणि मग खेळ. बाहेर येणाऱ्याचे बूट आत जाणाऱ्याला बसले पाहिजेत. आठ नंबर बाहेर आला तर आठ नंबरच आत जाणार. इतर संघांचे प्रशिक्षक डावपेचांच्या वह्या बाळगत. मारोतीच्या खिशात सगळ्यांच्या पायांच्या मापांचा कागद असायचा.

वर्षभर तो या क्लबसाठी जिवाचं रान करत होता. दुपारच्या ड्युटीनंतर मैदानावर पाणी मारायचा, पोरांच्या घरी जाऊन त्यांच्या बापांना पटवायचा, सत्यमसाठी इस्लापूरला दोनदा जाऊन आला होता. क्लबावर माणसाचा केवढा जीव, असं सारं मुदखेड म्हणायचं. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. क्लब अ गटात राहिला तरच वर्षातून एकदा लातूरला जायला मिळायचं, आणि लातूरला कोंडाबाई होती.

कोंडाबाई त्याची बायको. नऊ वर्षांपूर्वी ती मुलीला घेऊन लातूरला गेली. त्यात भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. महामायाला दहावीला चांगले मार्क पडले, अकरावी-बारावी लातूरला करायची ठरली, आणि गावोगावच्या आया एक गॅस, एक कूकर घेऊन मुलांसोबत तिथं खोली करून राहतात तशी कोंडाबाईही राहायला गेली. दोनच वर्षांसाठी. महामायाच्या वर्गातल्या दोन मुली डब्याचं विचारायला आल्या, मग चार आल्या, मग अकरा. बारावी झाली, महामाया फार्मसीला संभाजीनगरला गेली आणि पुढे तिथंच नोकरीला लागली. तोवर कोंडाबाईकडे तीस पोरं जेवत होती. तीस पोरांना अर्ध्यावर उपाशी टाकून कशी येऊ, ती म्हणाली. परीक्षा झाल्या की येते. लातूरच्या परीक्षा काही संपणाऱ्या नव्हत्या. एक तुकडी गेली की दुसरी यायची.

परत ये, असं मारोती कधी म्हणाला नाही. ती सोडून गेली असती तर म्हणाला असता. जी गेलीच नाही तिला परत ये कसं म्हणायचं? आणि येऊ का, असं तिनंही कधी विचारलं नाही, कारण आपल्याच घरी यायला परवानगी कसली मागायची? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. बरोबर राहण्यातच वर्षं गेली.

महामाया लातूरला होती तोवर तो दर महिन्याला ज्वारी घेऊन जायचा. बापानं लेकीला भेटायला जावं हे लोकांना समजतं. लेक तिथून गेल्यावर काय सांगून जायचं? बायकोला भेटायला निघालो म्हटलं, तर ती तिकडं कामून हाय, हे आधी सांगावं लागणार. फोन होता. फोनवर गॅस, महामायाचं स्थळ आणि क्वार्टरचं गळकं छत एवढं बोलून व्हायचं. मग दोघंही एकदमच “ठेवू का” म्हणायचे.

आणि महामाया लातूरहून गेली त्याच वर्षी जंक्शन क्लब अ गटात चढला. या लीगमध्ये प्रवासाचा खर्च कुणी कुणाला देत नाही, पण एक रिवाज पक्का आहे. मॅच झाली की यजमानानं पाहुण्या संघाला जेवू घालायचं, आणि दोन्ही संघांनी एका पंगतीत बसायचं. कोण हरलं, कोण जिंकलं, कुणाचं नाक फुटलं, ते सगळं पंगतीबाहेर. पहिल्या वर्षी मॅच संपल्यावर गूळ मार्केटचे बसलिंगप्पा त्यांना जेवायला घेऊन निघाले. ओळखीची गल्ली आली, मग ओळखीचं दार आलं, कोंडाबाईचं. मैदानापासून जवळ पडतं म्हणून इथं आणत असतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली. तेव्हापासून वर्षातून एकदा तो बायकोच्या हातचं जेवायचा. संघात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी काही बोलायचं नाही, फक्त स्वयंपाकघराच्या दाराजवळची जागा त्याच्यासाठी रिकामी सोडायचं. ती वाढायची, तो जेवायचा. पंचवीस माणसांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं तरी काय? अर्धा-पाऊण तास. तेवढ्या शिदोरीवर तो पुढचं वर्षभर रूळ चालायचा.

अहमदपूरला गाडी चहाला थांबली. आनंदराज, संघाचा कॅप्टन, ग्लास घेऊन मारोतीजवळ येऊन उभा राहिला. तो मारोतीच्याच गल्लीतला, लहानपणापासून त्याच्या हाताखाली खेळलेला.

“काका, बोलून न्हाई राहिले आज.”

“काय बोलायचं? खेळायचं हाय.”

मागून सत्यम आला. वीस वर्षांचा, पायात वारा, तोंडाला लगाम नाही. पेपरात छापून आलेला गुणतक्ता त्यानं मोबाईलवर उघडला होता.

“मी हिशेब करून राहिलो होतो,” तो म्हणाला. “आपुन जिंकलो तर गूळ मार्केट ब गटात. हरलो तर आपुन ब गटात. म्हंजे काहीबी झालं तरी पुढल्या साली लातूरला—”

आनंदराजनं त्याला कोपर मारलं. थोडा चहा सत्यमच्या शर्टावर सांडला.

“काय झालं? खरंच तर सांगून राहिलो.”

“खरं हाय त्याचं,” मारोती म्हणाला. “चला, उशीर होतोय.”

त्याला हे आठ दिवसांपासून माहीत होतं. मागच्या रविवारी इतर निकाल आले तेव्हाच त्यानं क्वार्टरच्या ओट्यावर बसून तक्ता लावून पाहिला होता, एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. दोघांपैकी एक खाली जाणार आणि एक वर राहणार. लातूरची वाट आजच्या दिवसानंतर बंद होणार, आणि बंद करायला तो स्वतःच तेरा पोरं घेऊन निघाला होता. त्याला हसूही आलं होतं त्या दिवशी.

मैदानावर बसलिंगप्पा दोन्ही हात जोडून सामोरे आले. गुळाचे अडते, साठीचे, पांढराशुभ्र सदरा, कपाळाला भस्म. गूळ मार्केट संघ त्यांच्याच जिवावर चालायचा, म्हणजे जंक्शनपेक्षा फारसा बरा नव्हता. फक्त बुटांचे जोड पुरेसे होते.

“या गजभारे. आज कुणीतरी एक जाणार बघा.”

“जाणार, अप्पा.”

“दोघंबी ऱ्हायलो असतो तर बरं झालं असतं.”

मारोतीला त्या माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तो नुसता हसला आणि पोरांना वॉर्मअपला घेऊन गेला. जाता जाता त्यानं मैदानाच्या कडेच्या गल्लीकडे पाहिलं. कोंडाबाई मॅच बघायला कधीच येत नसे. या वेळी ती चुलीपुढे असणार, पाटावर पाय दुमडून भाकरी थापत. तिला मेसच्या मोठ्या गॅसवर पोळ्या जमायच्या, भाकरी मात्र तिनं अजून चुलीवरच ठेवली होती.

मॅच अकरा वाजता सुरू झाली आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच कळलं की दोन्ही संघ भ्यालेले आहेत. चेंडू आला की जो तो दूर भिरकावून द्यायचा. मैदान कडक होतं, पडलं की कोपर सोलून निघायचं. गूळ मार्केटला बरोबरी चालणार होती, त्यामुळे त्यांचे सगळे मागे उभे. जंक्शनला गोल हवा होता, पण गोल मारण्यासाठी पुढे गेलं की मागे व्यंकटी एकटा उरायचा, आणि व्यंकटीची गॅरंटी त्यानं स्वतःच सकाळी सांगितली होती. तरी त्यानं दोन चेंडू असे अडवले की बसलिंगप्पांनीसुद्धा टाळी वाजवली.

हाफ टाइमला शून्य-शून्य. मारोतीनं पोरांना पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. सांगायचं ते सांगितलं. आनंदराजला जरा वर सरकायला लावलं. बोलताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. पोरं त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि त्यांना हा गट हवा होता, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. या पोरांना उदगीर-अहमदपूरची मैदानं बघायची होती, कुणीतरी आपल्याला खेळताना बघावं असं वाटत होतं. सत्यमला तर मागच्या महिन्यात पुण्याच्या एका माणसानं नंबर विचारला होता. ब गटात गेल्यावर कोण कुणाचा नंबर विचारतं?

शेवटची बारा मिनिटं उरली असताना सत्यम पडला. उठला, पण पाय टेकवता येईना.

“काका, काही न्हाई, खेळतो मी,” तो ओरडला, आणि दोन पावलं टाकून परत बसला.

मारोतीनं खिशातून कागद काढला, उगीचच. त्याला पाठ होतं. सत्यमचा नंबर आठ. बाकावर दोघं. एकाचा सहा. दुसरा रामलिंग, आठ. रामलिंग एकेचाळीस वर्षांचा होता, भोकरला शिवणकाम करायचा, आणि फाटलेल्या जर्सी फुकटात शिवून देतो म्हणून त्याला संघात ठेवलं आहे, असं पोरं त्याच्या तोंडावर म्हणायची. तो आधीच चपला काढून बसला होता.

आणि मारोती थांबला. रेफ्री हातवारे करत होता, सत्यम बूट काढत होता, रामलिंग मोजे वर ओढत होता, आणि मारोतीला क्षणभर वाटलं, हे असंच राहावं. शिट्टी वाजूच नये. ही मॅच शून्य-शून्य अशीच चालत राहावी, दुपार कलावी, आणि दोन गल्ल्या पलीकडे भाकऱ्या गरम राहाव्यात. जिंकलो तरी जाणार, हरलो तरी जाणार. न संपणं एवढाच एक मार्ग होता, आणि तो कुठल्याच लीगच्या नियमात नव्हता.

“काका!” आनंदराज मैदानातून ओरडला.

मारोती खाली बसला, त्यानं सत्यमच्या बुटाची अडकलेली गाठ दातांनी सोडवली आणि बूट रामलिंगला दिले.

“गोलापुढं जाऊन उभा ऱ्हा. पळू नको. नुसता उभा ऱ्हा.”

“तेवढं जमतंय मला,” रामलिंग म्हणाला.

तो जाऊन उभा राहिला. दहा मिनिटं नुसता उभा राहिला. गूळ मार्केटच्या पोरांनी आधी त्याच्यावर लक्ष ठेवलं, मग सोडून दिलं. शेवटच्या मिनिटाला जंक्शनला कॉर्नर मिळाला. आनंदराजनं चेंडू टाकला, चार-पाच डोकी एकदम वर गेली, कुणाच्याच डोक्याला चेंडू लागला नाही, आणि तो खाली येऊन रामलिंगच्या मांडीवर आदळून आत गेला. रामलिंग तेव्हा भलतीकडेच बघत होता.

पोरांनी रामलिंगला खाली पाडलं आणि सगळे त्याच्यावर पडले. एक पाय हातात धरून सत्यम लंगडत मैदानात शिरला, रेफ्रीनं त्याला हाकललं. दोन मिनिटांनी शिट्टी वाजली. मारोतीला आनंद झाला. खरोखर झाला, इतका की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पोरांना ते कशाचं आहे याची शंकाही आली नाही. त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

पंगत दीड वाजता बसली. मेसच्या लांब खोलीत दोन्ही भिंतींना पट्ट्या अंथरलेल्या. रविवार होता, मेसची पोरं लवकर जेवून क्लासच्या परीक्षेला गेली होती. गूळ मार्केटची पोरं मान खाली घालून बसली. जंक्शनची पोरं आनंद दाबून बसली, कारण रिवाज तसा होता. स्वयंपाकघराच्या दाराजवळची जागा रिकामी होती. मारोती तिथं बसला आणि यंदा पहिल्यांदाच बसलिंगप्पा त्याच्या शेजारी येऊन बसले.

कोंडाबाई परात घेऊन बाहेर आली. गेल्या वर्षीपेक्षा केस जास्त पांढरे झाले होते. हिरवं लुगडं महामायानं पहिल्या पगारातून घेतलेलं. तेवढं त्याला फोनवर कळलं होतं. तिनं एका टोकाकडून वाढायला सुरुवात केली. वांग्याची भाजी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. सगळ्यांना पोळी, मारोतीच्या ताटात भाकरी.

“जिंकले म्हणं,” ती वाकून वाढताना म्हणाली.

“हाव. रामलिंगनं मारला.”

“रामलिंगनं?” तिनं मान वर करून रामलिंगकडे पाहिलं आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली. मग ती आत गेली.

बसलिंगप्पांनी पहिला घास घेतला, हळूहळू चावला.

“शेवटचंच म्हणायचं हे आता,” ते म्हणाले. “मुदखेडची पंगत. असलं जेवण पुन्हा कुठलं.”

“तुमाला कामून न्हाई? पुढल्या साली तुमच्याकडं दुसरे संघ येतीलच की जेवायला.”

“ते हॉटेलात.”

“हॉटेलात कशाला? ही मेस हाय ना.”

बसलिंगप्पांनी त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं.

“गजभारे, आमी सगळ्या संघांना कोपऱ्यावरल्या हॉटेलातच नेतो. आजवर तसंच हाय. इथं फक्त तुमाला आणतो.”

मारोतीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“ह्या बाईंनीच सांगितलं होतं पहिल्या साली. तुमी चढला म्हणून पेपरात आलं, दुसऱ्याच दिवशी माझ्या अडतीवर आल्या. म्हणाल्या, मुदखेडचं जेवण माझ्याकडं. मी म्हटलं, बाई, सगळ्याच संघांचं घ्या, तुमालाबी बरं. न्हाई म्हणाल्या. बाकीच्यांचं मला जमायचं न्हाई.” त्यांनी आमटीची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली. “दरसाली तारखा निघायच्या आधी विचारायला येतात. मुदखेड कधी हाय? औंदा तर गुणतक्ता बी विचारून राहिल्या. परवा आल्या आणि म्हणाल्या, अप्पा, बरोबरी झाली तर दोघंबी राहतात का? मी म्हटलं, न्हाई बाई, एक जाणारच. मंग तशाच परत गेल्या.”

पलीकडे व्यंकटी रामलिंगच्या मांडीचं वर्णन करत होता आणि आता गूळ मार्केटची पोरंही हसू लागली होती.

“तुमच्या भावकीतल्या असतील ना त्या?” बसलिंगप्पांनी विचारलं. “आडनाव एकच हाय म्हणून म्हटलं.”

“हाव,” मारोती म्हणाला.

पुढचं जेवण त्यानं कसं संपवलं त्याला कळलं नाही. भाकरी घशाखाली उतरत होती, आमटी तिखट होती, एवढंच. सात वर्षं. सात वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की मैदानाजवळ पडतं म्हणून. आणि ही बाई दर वर्षी अडतीवर चालत जाऊन, एका परक्या माणसापुढे उभी राहून, नवऱ्याला जेवू घालायची तारीख मागून आणत होती. एवढं चालण्यापेक्षा एक फोन सोपा होता. त्यालाही सोपाच होता.

पंगत उठली. पोरांनी ताटं गोळा केली, बसलिंगप्पा सगळ्यांचा निरोप घेऊन गेले. आनंदराज दारात घुटमळला. त्यानं मारोतीकडे पाहिलं, आणि मग पोरांना म्हणाला, “चला रे, गाडीत बसा. काका येतील दमानं.” पोरं गेली. एरवी त्यांना गाडीत बसवायला अर्धा तास लागायचा. त्या दिवशी दोन मिनिटांत गल्ली रिकामी झाली.

मारोती मागच्या मोरीवर हात धुवायला गेला. कोंडाबाई तांब्या घेऊन आली आणि त्याच्या हातांवर पाणी ओतू लागली. नळ बाजूलाच होता.

“बाकीचे संघ हॉटेलात जेवतात म्हणं,” तो म्हणाला.

तिनं ओतणं थांबवलं नाही.

“त्यांना चालतंय हॉटेलातलं. तुमाला आम्लपित्त हाय.”

“सात साल झाले.”

“मंग? आम्लपित्त बरं झालं का?”

तो हसला नाही. तिलाही हसू आलं नाही. पाणी संपलं तरी तो हात तसेच धरून उभा राहिला. क्वार्टरचं छत, महामायाचं स्थळ, असं काही बोलायला हवं होतं, म्हणजे दोघांनाही गप्प होऊन सुटता आलं असतं. गल्लीच्या तोंडाशी क्रूझर सुरू झाल्याचा आवाज आला आणि लगेच बंद झाला. आनंदराजनं किल्ली काढून घेतली असणार.

“येत्या रविवारी यायचं म्हणतो मी,” मारोती म्हणाला.

“कुठं?”

“इथंच. लातूरला.”

कोंडाबाईनं रिकामा तांब्या दोन्ही हातांत धरला.

“कुणाची मॅच हाय?”

“कुणाचीच न्हाई.”

तिनं तांब्या खाली ठेवला. पदराला हात पुसले. हात कोरडे होते तरी परत पुसले.

“रविवारी सांच्याला मेस बंद असती,” ती म्हणाली. “दोघांपुरतंच करीन मंग.”